गाव ‘डिसअपिअर’ झालं, ‘व्हॅनिश’ झालं की आणखी काही? इंग्रजीतल्या नाहीसं होण्याबद्दल

खाजनकाठ (धागाकर्ता)

मंडळी, एका कामात अडकलोय. गोव्यात, सांग्यातल्या एका मंडळाला कुर्डी गावच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन भरवायचं आहे. मराठी मजकूर तयार आहे. इंग्रजी ओळी माझ्या गळ्यात पडल्या, कारण मी एकेकाळी शाळेत इंग्रजी शिकवायचो.

कुर्डी ठाऊक नसलेल्यांसाठी: साळावली धरण झालं तेव्हा, ऐंशीच्या दशकात, हे गाव पाण्याखाली गेलं. माणसं वाडे आणि वालकिणी या गावांत नेऊन वसवली. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती, भिंतींचे तुकडे, सोमेश्वराचं देऊळ असं सगळं उघडं पडतं. पाऊस लागला की परत खाली.

मराठीत ‘नाहीसं झालेलं गाव’ लिहिलं, कुणाला काही खटकलं नाही. इंग्रजीत लिहायला बसलो तर डिसअपिअर्ड, व्हॅनिश्ड, लॉस्ट, ड्राउन्ड, सबमर्ज्ड असे सगळे रांगेत उभे. मिसिंग तर नाहीच. कुठलाही लिहिला की आपण काहीतरी भलतंच बोललो असं वाटतं. डिक्शनरी उघडावी तर ती याचा अर्थ त्याच्याकडे आणि त्याचा याच्याकडे ढकलते. तुम्ही काय लिहाल? आणि का, तेही सांगा.

चौकस_फोंडा

सबमर्ज्ड लिहा आणि मोकळे व्हा. धरणवाले तेच लिहितात.

खाजनकाठ

धरणाच्या अहवालात ठीक आहे हो. जमीन किती हेक्टर, झाडं किती, सगळं सबमर्ज्ड. पण एका फोटोत एक म्हातारी आपल्या घराच्या जोत्यावर बसलीय. तिच्याखाली सबमर्ज्ड लिहायला हात धजत नाही.

मांडवीतीर

मी चित्रकलेचा माणूस, इंग्रजी पोटापुरतं. पण व्हॅनिश हा शब्द आम्हाला पहिल्याच वर्षी भेटतो. व्हॅनिशिंग पॉइंट. रुळांच्या मधोमध उभं राहून पाहिलं (मडगाव स्टेशनात करू नका, पोलीस धरतील) की दोन्ही रूळ लांब जाऊन एका टिंबात मिळतात, तो बिंदू. १७१५ साली ब्रूक टेलर या इंग्रज गणितज्ञाने यथार्थदर्शनावरच्या (पर्स्पेक्टिव्हवरच्या) आपल्या पुस्तकात हा शब्दप्रयोग केला आणि तो टिकला. त्या टिंबाशी रूळ काही संपलेले नसतात, ते पुढे कारवारला गेलेले असतात. संपते ती बघणाऱ्याची नजर. तुम्ही चार पावलं पुढे गेलात की बिंदूही पुढे सरकतो.

दुसरं व्हॅनिशिंग आमच्या आजीच्या फडताळात होतं. बाटलीवर व्हॅनिशिंग क्रीम असं छापलेलं, घरात सगळे स्नो म्हणायचे. बोटावर घेतली की पांढरीशुभ्र, गालावर चोळली की दिसेनाशी. त्यात मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि भरपूर पाणी. आम्लाचा थोडा भाग अल्कलीने साबण करून घेतलेला, म्हणजे दोन्ही एकजीव राहतात. चोळल्यावर पाणी उडून जातं आणि आम्लाचा पातळसा थर कातडीवर राहतो. तो दिसत नाही, एवढंच. पावडर त्या थरावरच तर बसायची! आजी काही व्हॅनिश होण्यासाठी पैसे मोजत नव्हती.

तर माझ्या मते व्हॅनिशमध्ये तीन गोष्टी लागतात. एकदम, पूर्ण आणि कसं ते न कळता. वस्तू प्रत्यक्षात तिथेच असू शकते, जादूगाराचं नाणं त्याच्या तळव्यातच असतं. कुर्डीला यातलं काहीच लागू नाही. धरण एका रात्रीत उभं राहिलं नाही आणि पाणी कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. व्हॅनिश्ड लिहिलंत तर धरण बांधणारा कुणी नव्हताच असं होईल.

चौकस_फोंडा

हे शेवटचं वाक्य आवडलं. पण मग डिसअपिअरमध्ये तरी बांधणारा कुठे आहे?

मांडवीतीर

नाहीच. डिसअपिअर अगदी कोरा शब्द आहे. दिसत होतं, आता दिसत नाही. सूर्य ढगाआड जातो तोही डिसअपिअर, वेलीवरची काकडी जाते तीही, आणि सवयही. म्हणून तर तो सगळीकडे चालतो.

पर्वरीची_पोर

आमच्या वाड्यावर नेटवर्क रोज तिन्हीसांजेला डिसअपिअर होतं आणि बिल भरायच्या दिवशी रीअपिअर. क्षमस्व, धागा चालू द्या.

जुना_स्टेनो

मास्तर, ‘मिसिंग तर नाहीच’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्यातच सगळं आलंय. माझी नोकरी कोर्टात गेली, हे शब्द टंकून बोटं झिजली. मिसिंगला मागे शोधणारं कुणीतरी लागतं. ज्याची वाट बघायला कुणी नाही, तो मेला तरी मिसिंग होत नाही. पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार देणारा असतो तेव्हा कुठे माणूस बेपत्ता ठरतो.

पुराव्याच्या १८७२च्या कायद्यात १०८ कलम होतं, नव्या साक्ष अधिनियमात ते १११ झालंय. ज्यांना माणसाची खबर सहजच लागायला हवी होती, अशांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर जातो. मिसिंग हळूहळू डेडकडे सरकतो तो असा. पण कधी मेला, हे कायदा गृहीत धरत नाही. ती तारीख ज्याला हवी त्याने सिद्ध करावी. विम्याचे आणि वारसाचे खटले बहुधा याच फटीत अडकतात. आपल्याकडच्या १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत तर ‘आउझेंत’, म्हणजे गैरहजर माणूस, हे वेगळंच प्रकरण आहे. त्याच्या मालमत्तेवर राखणदार नेमायची सोय होती. आफ्रिकेत किंवा जहाजावर गेलेली माणसं इतकी की ती लागायचीच.

आता अ‍ॅबस्काँड. लोकांना वाटतं अ‍ॅबस्काँड म्हणजे पळून गेलेला. तसं नाही. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ लपणं असा आहे, आणि कोर्टही तोच धरून चालतं. समन्स चुकवायला स्वतःच्या घरात पोटमाळ्यावर दडून बसलेला माणूसही अ‍ॅबस्काँडिंगच. म्हणून तर जाहीरनामा त्याच्या राहत्या घराला चिकटवतात, गावातल्या ठळक जागी वाचून दाखवतात आणि एक प्रत कोर्टाच्या भिंतीवर लावतात. हजर व्हायला निदान ३० दिवस देतात. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम ८२, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ८४. कागद दाराला आणि माणूस माळ्यावर, असं होऊ शकतं.

धारगळचा_आयटीवाला

आमच्या क्षेत्रात अ‍ॅबस्काँडिंग म्हणजे राजीनामा न देता यायचं बंद केलेला पोरगा. बिचारा दुसऱ्या कंपनीत उघडपणे कामाला असतो, लिंक्डइनवर फोटोही टाकतो, तरी एचआरच्या कागदावर अ‍ॅबस्काँडिंग. स्टेनोकाकांचं ऐकून आता भीती वाटायला लागली. साहेब लोक इंग्रजी इतकं सैल वापरतात की दरोडेखोर आणि ट्रेनी एकाच रांगेत. उलट कंपनीने मुलाखत घेऊन पुढे फोनच उचलला नाही, तर त्याला ‘घोस्टिंग’ म्हणतात. म्हणजे त्यांनी केलं की भूत आणि आम्ही केलं की गुन्हेगार.

पर्वरीची_पोर

यावरून आठवलं. माझी मावसबहीण अमेरिकेत नर्स आहे. पहिल्याच आठवड्यात वॉर्डात कुणीतरी ओरडलं की पेशंट इलोप झाला! हिने विचारलं, कुणाबरोबर? पेशंट ऐंशीच्या पुढचे आजोबा, विस्मरण झालेले. तिथल्या इस्पितळांत न सांगता बाहेर निघून गेलेल्या पेशंटला इलोपमेंट म्हणतात. आपण तर इलोप म्हणजे मुलगा-मुलगी पळून गेली एवढंच शिकलो. तिकडे आता गाजावाजा न करता चार माणसांत केलेल्या लग्नालाही इलोप म्हणतात, आईवडील सोबत असले तरी. पळणं त्यातून कधीच गेलं.

माशेलकर_काका

न सांगता निघून जाण्यावर एक गमतीची गोष्ट. इंग्रज त्याला फ्रेंच लीव्ह म्हणतो. फ्रेंच म्हणतो, हा इंग्रजांचा रिवाज, तो ‘इंग्रजी पद्धतीने सटकणं’ म्हणतो. आणि आमच्या लहानपणी पोर्तुगीज शिकलेले लोक ‘सायर आ फ्रांसेझा’ म्हणायचे, म्हणजे फ्रेंचांसारखं निघणं. पाहुणचार घेऊन यजमानाचा निरोप न घेता पोबारा करणं हा शेजाऱ्याचाच गुण, यावर सगळ्या युरोपचं एकमत.

आता जरा गंभीर. चौकसरावांनी विचारलं की डिसअपिअरमध्ये करणारा कुठे आहे. इंग्रजीत अलीकडे तो आला आहे आणि फार वाईट रस्त्याने आला आहे. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. माणसं घरातून, कारखान्यातून, कॉलेजातून उचलून नेली जात आणि पुढे काहीच कळत नसे. अटक नाही, खटला नाही, प्रेत नाही. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘देसापारेसिदो’ म्हणू लागले. पोर्तुगीजमध्येही जवळजवळ हाच शब्द आहे, म्हणून आमच्या पिढीतल्या काहींना तो बातम्यांत ऐकताना परका वाटला नाही. १९७९ साली हुकूमशहा व्हिदेलाला पत्रकारांनी विचारलं, तर त्याने सांगितलं की देसापारेसिदो माणसाला अस्तित्वच नसतं, तो मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही. पुढे राजवट गेल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ साली ८,९६१ जणांची नोंद केली. मानवी हक्कवाले ३०,००० सांगतात.

त्यांच्या आया १९७७पासून राजधानी ब्यूनस आयर्समधल्या चौकात दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेऱ्या मारू लागल्या. तिथून इंग्रजीतही ‘ही वॉज डिसअपिअर्ड’ असं लिहायला लागले. व्याकरणाच्या मास्तराने लाल शाईने खोडावं असं वाक्य. माणूस डिसअपिअर होतो, त्याला कुणी डिसअपिअर कसं करणार? पण करत होते, म्हणून वाक्य तसं झालं. संयुक्त राष्ट्रांचा २००६चा करार आहे, त्याच्या नावातच ‘एन्फोर्स्ड डिसअपिअरन्स’ आहे, जबरीने नाहीसं करणं. तेव्हा मास्तर, तुम्ही ‘द डिसअपिअर्ड’ एवढंच मोठ्या अक्षरात लावलंत, तर बाहेरच्या प्रेक्षकाच्या मनात कुर्डी यायच्या आधी ब्यूनस आयर्स येईल.

खाजनकाठ

काका, हे बरं सांगितलंत. प्रदर्शनाचं नाव अगदी तेच सुचवलं होतं एका पोराने. उद्याच फोन करतो.

रानपिंगळा_फॅन

‘एक्स्टिंक्ट व्हिलेज’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, नको. एक्स्टिंक्टचा मूळ संबंध विझण्याशी. आग विझवायच्या सिलिंडरवरचा एक्स्टिंग्विशर त्याचा सख्खा भाऊ. विझलेल्या ज्वालामुखीला म्हणूनच एक्स्टिंक्ट म्हणतात. प्राण्यांच्या बाबतीत शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरली नाही, की मग एक्स्टिंक्ट. आणि जगात दुसरीकडे आहे पण इथून गेला, तर एक्स्टर्पेटेड. चित्ता १९५२ साली भारतातून गेला असं जाहीर झालं, पण आफ्रिकेत होताच. म्हणून तर २०२२ साली नामिबियातून कुनोत आणता आला. खरोखर विझलेलं कुठून आणणार?

माझं टोपणनाव ज्याच्यावरून आहे त्याची कथा बघा. रानपिंगळा म्हणजे एक छोटं घुबड, त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४चा. पुढे शंभरहून जास्त वर्षं कुणालाच दिसला नाही. १९९७ साली पामेला रासमुसेन आणि बेन किंग या अमेरिकन पक्षीतज्ञांना तो शहाद्याजवळ भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. घुबड असून दिवसा! तो गेलाच नव्हता. कुणी नीट बघितलंच नव्हतं. नंतर सातपुड्यात आणखी सापडले.

तारवटी_वास्को

जहाजावर आयुष्य गेलं म्हणून आमचंही थोडं. समुद्रावर नाहीसं व्हायला पायऱ्या असतात. जहाज ठरलेल्या दिवशी बंदराला लागलं नाही की आधी ‘ओव्हरड्यू’. तेव्हा कुणी रडायचं नाही, वारा पडला असेल, इंजिन बिघडलं असेल. बरेच दिवस काही कळलं नाही की लंडनला लॉइड्सच्या विमा बाजारात ते ‘मिसिंग’ म्हणून फलकावर लागायचं, आणि मग विम्याचे पैसे द्यायचे. तिथे लूटीन या १७९९ साली बुडालेल्या जहाजाची घंटा आहे, १८५८ साली समुद्रातून वर काढलेली. जहाज बुडाल्याची खबर आली की एक टोल, ओव्हरड्यू जहाज सुखरूप लागलं की दोन. दलाल लोक पहिला टोल पडला की दुसऱ्यासाठी कान टवकारून बसत असणार. ‘लॉस्ट’ म्हणजे मात्र बुडालं हे पक्कं. ‘लॉस्ट विथ ऑल हँड्स’ असेल तर घरच्यांनी पुढे काही विचारू नये.

आणि कांदोळीची रिव्हर प्रिन्सेस आठवते का? जून २०००मध्ये किनाऱ्याला येऊन रुतली ती बारा वर्षं हलली नाही. दर पावसाळ्यात वाळूत आणखी खाली. शेवटी कापून कापून नेली. आज तिथे गेलेल्या पर्यटकाला कळणारही नाही. तिला यातला कुठला शब्द लावाल? व्हॅनिश म्हणालात तर कांदोळीचे लोक हसतील.

चौकस_फोंडा

तिला ‘रिमूव्ह्ड’. निविदा काढून.

वालकिणीकर

हा धागा मला मुलीने पाठवला. मी कुर्डीत जन्मलेला. सगळे शब्द वाचले. मला इंग्रजीतलं एवढं कळत नाही, पण तुम्ही सगळे ‘गाव गेलं’ हे धरूनच बोलताय. आम्ही दर मे महिन्यात जातो. देवळात उत्सव होतो, चॅपेलात फेस्त होतं. वडील चालत चालत दाखवायचे, इथे खळं, इथे मोगूबाईंचं घर. होय, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर आमच्या गावच्या, १९०४चा जन्म. त्यांचं आडनाव लिहिताना कुणाला गाव नाहीसं झाल्याचं आठवत नाही.

इंग्रजी लेखवाले दर उन्हाळ्यात ‘रीअपिअर’ लिहितात. त्यांच्यासाठी ठीक आहे, ते मेमध्येच येतात. आमच्या घरी पोरं कोंकणीत विचारायची, ‘गांव शेणला?’ आई चिडायची. शेणप म्हणजे हरवणं, किल्ली शेणता. ती म्हणायची, शेणूंक ना, उदकांत आसा. पाण्यात आहे. तिच्या लेखी तेवढंच.

जुना_स्टेनो

वालकिणीकर, तुमच्या आईच्या जबानीत एक अक्षर बदलायची गरज नाही.

मांडवीतीर

पण एक शंका. ‘पाण्यात आहे’ हे तुमच्यापुरतं खरं. ज्यांचं वायंगण (उन्हाळी भातशेत) पाण्याखाली कायमचं गेलं, ज्यांच्या कुळागरातले (बागायतीतले) माड परत आलेच नाहीत, त्यांना ‘आहे’ म्हटलेलं चालेल का? मेमध्ये दिसतं ती जोती, झाडं नव्हेत. मास्तर, सगळ्या फोटोंना एकच शब्द लावायचा हट्ट सोडा. जोत्याला एक, बागायतीला दुसरा. बागायतीला मी बिनदिक्कत ‘लॉस्ट’ लिहीन.

वालकिणीकर

बागायतीचं मान्य. आमची सुपारी होती.

खाणीवरचा_डिचोली

उशिरा आलो. फेड, डिझॉल्व्ह, मेल्ट अवे हे कुणी घेतलेच नाहीत. घेण्यासारखं फारसं नाहीही. फेड म्हणजे रंग, आवाज, आठवण हळूहळू फिकी होणं. डिझॉल्व्ह म्हणजे दुसऱ्या कशात तरी विरघळणं. इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या चित्रपट महोत्सवाला, जाणाऱ्यांना दोन्ही सिनेमातून माहीत असतात.

मला आवडतो तो ‘पीटर आउट’. अमेरिकेतल्या खाणीवाल्यांच्या बोलीतून एकोणिसाव्या शतकात आलेला. धातूचा पट्टा खणत जावं, तो बारीक होत होत जावा आणि एक दिवस समोर नुसता दगड. पीटर हा कुणी माणूस नव्हे. आमच्याकडे लोखंडाच्या खाणीत जिऑलॉजिस्ट नकाशावर पट्टा निमुळता होतो तिथे ‘पिंच आउट’ लिहायचे, तीच जात. पेपरात लोक लिहितात की गोव्यातलं खाणकाम पीटर आउट झालं. साफ चूक. खनिज संपलं नव्हतं. २०१२ला बंदी आली, मग पुन्हा थोडं चाललं, मग फेब्रुवारी २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केले. एका तारखेला ट्रक थांबले. पीटर आउट झाली ती आमच्या नाक्यावरची गॅरेजं, चहाचे गाडे, ट्रकांच्या टायरवाल्यांची दुकानं. एकेक करत, कुणी तारीख सांगू शकणार नाही असं.

मास्तर, कुर्डीच्या उत्सवाला पंधरा-वीस वर्षांपूर्वी येणारी आणि आता येणारी माणसं यांचे फोटो शेजारी लावणार असाल, तर हा शब्द आधी वालकिणीकरांना विचारून घ्या.

वालकिणीकर

आमच्यात उलट आहे. आता जास्त येतात. पोरं गाड्या काढून येतात, ड्रोन आणतात.

खाजनकाठ

सगळ्यांचे आभार. मथळे फोटोगणिक वेगळे करतोय. आईच्या वाक्याला इंग्रजी जोडणार नाही, ते कोंकणीतच लावतो, वालकिणीकरांची परवानगी असेल तर.

आता नवी अडचण. कुर्डीचं प्राचीन महादेव मंदिर पाणी चढण्याआधी उतरवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं, त्याचे दोन फोटो आहेत. ते तर गेलेलंच नाही. शिफ्टेड लिहिलं तर बिऱ्हाड हलवल्यासारखं वाटतं.

मांडवीतीर

पुरातत्त्ववाले ‘ट्रान्सप्लांटेड’ लिहितात. श्रीशैलम धरणाच्या वेळी कृष्णाकाठची देवळं हलवली, तेव्हाही हाच शब्द होता. दगडांवर आकडे घालून उतरवायचं आणि त्याच क्रमाने रचायचं. पण मला विचाराल तर ‘टेकन डाउन अँड रीबिल्ट, स्टोन बाय स्टोन’ असं सरळ लिहा. आणि आधीची जागा आणि आताची जागा यांच्यातलं अंतर लिहा, लोक तेच विचारतात.

वालकिणीकर

परवानगी आहे. आईचं नाव मात्र घालू नका, तिला आवडणार नाही.